वाकडा पूल

"एका ग्रुपचे दोन पूल?" सरांनी विचारलं.

टेबलावर अनघाचा आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल दिमाखात उभा होता. महिनाभर तिने त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. "तुम्ही बिघडवाल. फुकटचे मार्क मिळतायत ना, मग झालं तर!" असं म्हणत तिनेच त्यावर चौघांची नावं चिकटवली होती. तेव्हापासून वर्ग नेत्राला आणि उरलेल्या दोघांना आयत्या बिळावरचे नागोबा म्हणायचा.

नेत्राने पुढे होऊन ती तीन नावं नखाने खरवडून काढली. "सर, तो तिचा. हा आमचा."

त्यांचा पूल एका बाजूला कलला होता, डिंकाचे ओघळ तसेच सुकले होते.

"नापास व्हाल!" अनघा खेकसली.

"होऊ. पण आमच्या हाताने होऊ."

सर विटा ठेवू लागले. अनघाचा पूल हूं की चूं न करता उभा राहिला. तिघांचा मात्र दुसऱ्याच विटेला कडाडून मोडला. वर्ग खो खो हसला.

"का मोडला?" सरांनी विचारलं.

नेत्राने खडू उचलला. "फळ्यावर दाखवतो, सर!" तिघंही एकदम म्हणाले.