शून्य मीटर

रेषा आठव्या आठवड्यापर्यंत छान चढत गेली आणि तिथून कड्यावरून पाय घसरावा तशी थेट खाली आली.

“म्हणजे माझ्या व्यायामाने माणसं आधी बरी झाली आणि मग लोळागोळा झाली?” वहिनी म्हणाली. ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले सात रुग्ण, प्रत्येकाची एक फाइल, दर आठवड्याला सहा मिनिटांत तो किती मीटर चालला याची नोंद. चार वाजता हा आलेख मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवायचा होता. त्यांना पटलं तर व्यायामाची खोली राहणार, नाहीतर तिथे औषधांची खोकी येणार.

“माझा प्रोग्राम नीट आहे,” नणंद म्हणाली. सातही फाइली वाचून सरासरी काढणारा तो प्रोग्राम तिनेच लिहिला होता.

“वन्सं, तुमचा भाऊही हेच म्हणतो. चूक कायम दुसऱ्याची.”

“भांडण नंतर. आधी ही तिसरी फाइल बघ. नवव्या आठवड्यापासून शून्य, शून्य, शून्य. हे गृहस्थ जागचे हललेच नाहीत?”

“ते आलेच नाहीत. कुणी आलं नाही की मी शून्य लिहिते. पहिल्यापासून तशीच सवय आहे.”

“अगं, न येणं आणि न चालणं एक कसं? प्रोग्राम बिचारा ते शून्यही मिळवतोय आणि सातने भागतोय!”

वहिनीने कपाळावर हात मारला. दोघींनी शून्यं पुसली, रकाने रिकामे ठेवले आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. रेषा चढली. चढतच राहिली. नणंदेने टाळीसाठी हात पुढे केला. वहिनीचा हात अर्ध्यावरच थांबला.

“बाराव्या आठवड्यात कोण कोण आहे यात?”

नणंदेने पाहिलं. “एकच. पाचवी फाइल.”

“म्हणजे ही सरासरी एकट्या आजींची.”

“कोण विचारणार आहे?”

“मी विचारतेय. बाकीचे सहा गेले कुठे?”

कंटाळले? दुखणं वाढलं? की दुसरीकडे जायला लागले? घड्याळात सव्वातीन झाले होते. वहिनीने तिसऱ्या फाइलीतला नंबर लावला आणि फोन दोघींच्या मध्ये ठेवला. बराच वेळ घंटी वाजली. मग नुसत्या धापा ऐकू आल्या, आणि मागे वारा.

“काका, व्यायामाच्या खोलीतून बोलतेय. तुम्ही यायचे थांबलात. गुडघा कसा आहे?”

“मॅडम, टेकडी उतरलो की मीच फोन करतो,” काका म्हणाले. “चढताना बोललं की मला दम लागतो.”