सगळ्यात स्वस्त

गिऱ्हाइकानं मोटर उलटीपालटी करून पाहिली, दोनदा चालवून दाखवायला लावली आणि मग खिशातून मोबाइल काढला.

"ऑनलाइन ऐंशी रुपयांनी कमी दाखवतंय."

"तिथं बिघडली तर कोण बघणार?" बद्रीनाथ म्हणाले.

"बघू की तवा." तो गेलासुद्धा.

मुकुंदवाडीतलं बद्रीनाथांचं दुकान बावीस वर्षांचं. त्या उन्हाळ्यात जायकवाडी धरण तळाला गेलं होतं. शहर चारी अंगानं वाढलेलं, आणि नळ आठवड्यातून एकदा. पाणी ओढायच्या छोट्या मोटरीला लई मागणी होती. दुकानात मात्र लोक नुसती बघायला येत.

शेवटी बद्रीनाथही ऑनलाइन उतरले. खातं उघडून देणारा म्हणाला, "काका, बद्रीनाथ मशिनरी नको. त्यावर कुणी बोट ठेवत नाय." मग एक इंग्रजी नाव पडलं.

सगळ्यांचे भाव शेजारी शेजारी दाखवणाऱ्या वेबसाइटवर ते दुसऱ्या नंबरवर होते. वर रॉयल ट्रेडिंग. वीस रुपयांनीच स्वस्त, पण ऑर्डरी सगळ्या तिकडं.

बद्रीनाथांनी तीस उतरवले. तासाभरात रॉयल आणखी खाली.

"कोण असंल हो हा?" त्यांच्या बायकोनं, आशाबाईंनी विचारलं.

"असंल कुणी सुरतेचा. मोठं गोदाम असंल. आपल्यासारख्याला चिरडायला बसलाय."

"पैठणला जाऊन येऊ एकदा. सोनियाचा फोन आला की दोन शब्दांत ठेवते. त्यांची फळबाग वाळल्यापासून लेक बोलतच नाय नीट."

"आधी याचा निकाल लागू दे."

कारागीर धोंडिबा चौदा वर्षांपासून दुकानात होता. त्याला घरी बसवलं. बद्रीनाथ खरेदीच्याही खाली विकू लागले. सकाळी दात घासायच्या आधी ते मोबाइल बघत. आशाबाई भाकरी वाढून थांबत, ते भाव उतरवत बसत.

अकराव्या दिवशी यादीत रॉयलचं नाव नव्हतं. त्यांनी पुन्हा पुन्हा बघितलं. नव्हतंच.

"संपला," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी पोटभर जेवण केलं. "चल, उद्या पैठणला."

दुसऱ्या दिवशी ते एस.टी.नं गेले. सोनियानं दार उघडलं. वाळली होती. बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीपासून आढ्यापर्यंत खोकी, आणि प्रत्येक खोक्यावर त्याच मोटरीचं चित्र. जावई गोकुळ कोपऱ्यातून उठला, पण मान वर केली नाही.

"तुमच्या दुकानात बघून बघून शिकलेलं, म्हणून हेच ऑनलाइन विकायला धरलं," सोनिया म्हणाली. "जरा जम बसला की सांगणार होतो. पण कुणीतरी मोठा यापारी पडला मधी. आमी किती बी खाली आलो, तरी त्यो त्याच्या खाली. परवा बंद केलं."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"त्याचं कधी भलं व्हायचं नाय, बाबा."