तीनदा

"पटण्यासारखं असेल ते एकदाच सांगायचं. पटण्यासारखं नसेल ते तीनदा, दर वेळी थोडे शब्द बदलून." वक्तृत्वाच्या वर्गात बाबांनी हे कित्येक पोरांकडून घोटून घेतलं. त्यांची पहिली विद्यार्थिनी मीच.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, ते गिळून मी दवाखान्याच्या जिन्यात चार वेळा तालीम केली. मग संमतीचा कागद घेऊन आत गेले आणि खुर्ची बाबांच्या पलंगाजवळ ओढली.

"बाबा, ऑपरेशन साधं आहे. अगदीच साधं आहे. डॉक्टर तर म्हणाले, याहून साधं काही नसतंच."

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"शेवटच्या वाक्याला आवाज पडला तुझा," ते म्हणाले.

आता ते खरं काय ते विचारणार!

पण त्यांनी पेन मागितलं. सावकाश, वळणदार सही केली. कागद परत देताना माझा हात मात्र सोडेनात.

"तू काळजी करू नकोस," ते म्हणाले. "मी घाबरलेलो नाही. अजिबात घाबरलेलो नाही. आणि घाबरायचं कशाला गं मी?"