राहिलेली बारा पावलं

हिसायोबाई गेल्या आणि त्यांच्या नाचाची शेवटची बारा पावलं त्यांच्याबरोबरच गेली. ती दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

"आधी हात सुधार. हात आहेत की बाजारातले मुळे?" असं म्हणत त्यांनी कोफुमीला एकोणीस वर्षं थांबवलं होतं. शिकवताना त्या समोर उभ्या राहत आणि तिचा उजवा हात तो आपला डावा करून नाचत, अगदी आरशासारख्या.

आता माडीवर खराच आरसा होता. रोज दुपारी कोफुमी उजव्या हातात पंखा घेऊन त्याच्यापुढे नाचे आणि येत होतं तिथवर येऊन थांबे. त्या बारा पावलांशिवाय तिला आपण गेइशा म्हणून अर्धवटच राहिलो असं वाटे.

"ताई, पुरे की आता! चहा निवतोय," खालून धाकटी चिनात्सु ओरडली.

"आले गं, एकदाच!"

आज हात मनासारखा उठला. नेहमीच्या जागी ती थांबली.

आरशातली थांबली नाही.

कोफुमी श्वास रोखून पावलं मोजत राहिली. किती साधी होती ती पावलं! बाराव्या पावलाला आरशातलीने पाठ फिरवली, दार सरकवलं आणि ती निघून गेली.

आरशात नुसती खोली उरली.

"बाई, पुन्हा एकदा," कोफुमी पुटपुटली.

खालून चिनात्सुचा आवाज आला, "आलीस? बस. पण ताई, पंखा आज डाव्या हातात कसा?"