राहिलेले तास

दर रविवारी ताई यायच्या, मुलाच्या छोट्या विमानात त्याच्या सीटच्या शेजारी बसायच्या आणि मला इंजिन सुरू करायला सांगायच्या. तापाचं निमित्त होऊन तो गेला, तेव्हापासूनचा हा नेम. विमान हँगरमध्येच असायचं, जागचं हलायचं नाही. इंजिन गंजू नये म्हणून पंधरा मिनिटं पुरे होती, पण ताई घड्याळ लावून बरोबर एक तास बसायच्या.

मी मेकॅनिक माणूस, एकदा डोकं फिरलंच. "अहो ताई, हँगरचं भाडं, विमा, पेट्रोल, वर माझी मजुरी! न उडणारं विमान म्हणजे पांढरा हत्ती. विकून मोकळ्या व्हा."

"विकायचंच आहे. थोडं थांबा."

परवाच्या रविवारी तास भरला, तशी त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "आता गिऱ्हाईक बघा."

सुटलो एकदाचा, म्हणत मी विमान साफ करायला घेतलं. सीटमागच्या कप्प्यात पोराची उड्डाणांची वही सापडली. मोठ्या विमान कंपनीत नोकरी हवी तर उड्डाणाचे पंधराशे तास लागतात, हे त्याने मला शंभरदा ऐकवलं होतं. त्याची शेवटची बेरीज होती चौदाशे बासष्ट. त्याखाली ताईंच्या अक्षरात अडतीस रविवार, प्रत्येकी एक तास. 'कुठून' आणि 'कुठे' या दोन्ही रकान्यांत एकच शब्द, हँगर. तळाशी एकूण, पंधराशे.

प्रत्येक ओळीत वैमानिकाच्या सहीची जागा तेवढी कोरी होती.