दुधाच्या बदल्यात

आजीला चौकात नव्या चटईवर निजवलं होतं. केरिंचीच्या डोंगरात वाघाला आजोबा म्हणतात आणि वाघिणीला आजी. नुसतं वाघ म्हणायची कुणाची छाती नाही. मेलेल्या आजीच्या मानेत तारेचा फास रुतलेला होता. तार मोटारसायकलच्या ब्रेकची आहे हे तर पोरासोरांनाही कळत होतं. कुणाच्या मोटारसायकलची, हे मात्र त्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं.

त्यातला एक झुलबाहरी. तो सगळ्यांच्या मागे, खिशातली पक्कड घामेजल्या मुठीत धरून उभा होता. दुपारी जंगल खात्याचे साहेब यायचे होते. त्याआधी संधी साधून तार कापायची आणि ओढ्यात फेकायची, एवढाच त्याचा बेत. फास त्यानं लावला होता तो रानडुकरांसाठी. मेली बटाट्याचा वाफा म्हणून शिल्लक ठेवत नव्हती. पण फासाला कुठं डोळे असतात?

दुसरी त्याची बायको, रुआइदा. तान्ह्याला झोळीत घेऊन ती शेजारी येऊन उभी राहिली.

"गाडीला ब्रेक कधी बसवणार?"

"हळू बोल गं!"

"मी हळूच बोलतेय. साहेब हळू विचारणार नाहीत."

"पाच वर्षं खडी फोडायला लावतील मला. मग ह्याला काय खाऊ घालशील?"

तिनं झोळीची गाठ घट्ट केली. झुलबाहरीला तिचा राग आला, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात घंटा वाजली. गावचे थोरले मानकरी देपातीबाबा आजीपुढे गुडघे टेकून बसले. आजीचं जे जे गेलं त्याची भरपाई गावानं करायची, हा बापजाद्यांचा नेम. खरं तर ज्यानं मारलं त्याच्या घरून यायला हवं; पण सकाळपासून तीनदा विचारूनही कुणी पुढे आलं नव्हतं. मग सगळ्या गावानं मिळून आणलं.

"आजी, तुझ्या पट्ट्यांच्या बदल्यात हे पट्ट्यापट्ट्यांचं कापड घे."

ते रुआइदाच्या लग्नातलं होतं. सकाळी तिनंच पेटी उघडून ते आणून दिलं होतं.

"तुझ्या आवाजाच्या बदल्यात ही घंटा. डोळ्यांच्या बदल्यात हे दोन खडे. शेपटीच्या बदल्यात भाला. नखांच्या बदल्यात कट्यार. राग धरू नकोस, आजी. तुझ्या माणसांना सांग, गावानं देणं ठेवलं नाही."

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. झुलबाहरीनंही टाकला. झालं, फिटलं! आता लोक पांगले की तेवढी तार...

"थांबा," मारियातुन म्हणाली. ती गावची सुईण. अर्धा गाव तिच्या हातावर जन्मलेला, त्यामुळे देपातीबाबांनाही दटावायला ती कचरत नसे. "फिटलं कसं? नीट बघितलंत तरी का हिला?"

तिनं आजीच्या पोटावरचे केस बाजूला सारले आणि अलगद दाबलं. बोटांवर पांढरा थेंब आला.

"लेकुरवाळी आहे ही."

देपातीबाबांनी घंटेकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, कट्यारीकडे पाहिलं.

"आजी, तुझ्या दुधाच्या बदल्यात..." ते अडखळले. म्हाताऱ्याचा आवाज असा कधी कुणी ऐकला नव्हता. "दुधाच्या बदल्यात काय द्यायचं, ते आम्हाला कुणी सांगून ठेवलेलं नाही."

"देणं राहू दे," मारियातुन म्हणाली. "दोन तरी पिल्लं असतील. आई येत नाही म्हटल्यावर किती वेळ दबून बसतील? पोटात आग पडली की निघतील वास काढत. ती गेली त्याच वाटेनं."

त्याच वाटेनं. झुलबाहरीनं मनातल्या मनात फास मोजले. झोळीतलं पोर कुरकुरलं, तशी रुआइदानं त्याला पदराखाली घेतलं. ती नवऱ्याकडे बघतही नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

गर्दीतून वाट काढत तो पुढे गेला.

"देपातीबाबा, त्या वाटेवर अजून सहा फास आहेत."

कुणी 'तुला कसं ठाऊक' म्हणून विचारलं नाही. देपातीबाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"मग इथं उभा काय राहिलास?" ते म्हणाले. "जागा दुसऱ्या कुणाला सापडणार आहेत का?"

झुलबाहरीनं खिशातून पक्कड काढली. आजीची मान त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. मागून रुआइदा आली आणि अगदी हळू म्हणाली, "आणि ही तार?"

"असू दे तशीच," तो म्हणाला. "साहेब आले तर त्यांना चहा दे. म्हणावं, बसा. सहा फास काढून येतोच तो."