देव्हारा हलवण्याआधी

सकाळी आठला शोकान गुरुजी आले, ते रिकाम्या हातानं. अंगात साधा स्वेटर, पायात रबरी बूट. घंटा नाही, पोथी नाही, विधीचा झगा नाही.

किनुयो दारातच थबकली. घर जवळजवळ मोकळं झालं होतं. चटयांवर कपाटांच्या जागा तेवढ्या हिरवट उरल्या होत्या. आतल्या खोलीत भिंतीशी उभा होता तो फक्त पूर्वजांचा काळा देव्हारा. दारं उघडी, आत वारलेल्या नवऱ्याच्या नावाची पाटी आणि पितळी वाटीत पहाटेचा भात.

"गुरुजी, सामान गाडीत आहे का? दहाला ट्रक येतोय. त्याआधी विधी उरकायला हवा."

"कसला विधी?"

"कसला म्हणजे? पाटीतला ह्यांचा प्राण काढून घ्यायचा. त्याशिवाय देव्हारा हलवायचा कसा? शुहेईनं फोन केला नाही तुम्हाला?"

गुरुजींनी आधी भाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काकू, मी तर तुमचा निरोप घ्यायला आलो. विधी झाला की सप्टेंबरातच. तुम्ही डोळ्यांच्या ऑपरेशनला गेला होतात तेव्हा. तुमच्याच सांगण्यावरून, असं म्हणाला शुहेई."

बाहेर नोव्हेंबर संपत आला होता.

"मग तेव्हापासून आत कोण आहे?"

"कोणी नाही," गुरुजी हळू म्हणाले. "लाकूड आहे."

माळ्यावरून शुहेई खोका घेऊन उतरला. डोक्याला टॉवेल बांधलेला, भुवयांवर धूळ. "अरे, गुरुजी! आई, चहा तरी टाकायचास."

"शुहेई, तुझा बाप कुठे आहे?"

त्यानं खोका खाली ठेवला. गुरुजी बूट काढायचे थांबले.

"हे बघ आई, घर विकायचं तर दलालाला फोटो हवे होते. मेलेल्या माणसांची खोली दिसली की गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच मागे फिरतं, असं तो म्हणाला. दोन दिवस देव्हारा कोठीत ठेवला, एवढंच. तोही विधी करूनच. न करता हलवला असता तर तू मला जिवंत ठेवलं असतंस का?"

"आणि परत आणून लावलास."

"तुझ्यासाठीच ना! डोळ्यांवरची पट्टी निघाल्या निघाल्या रिकामी भिंत दाखवायची होती का तुला?"

"मी रोज भात ठेवत होते. तू बघत होतास."

"होतो. मग काय हात धरायचा होता? बरं वाटत होतं तुला." त्यानं हसून पाहिलं. "आणि वाया कुठे गेला? उतरवलेला भात मीच खात होतो की."

किनुयोला भाताचं काही नव्हतं. ऑक्टोबरात, विक्रीच्या करारावर सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायच्या आदल्या दिवशी, ती याच देव्हाऱ्यापुढे बसली होती. नवऱ्याला न विचारता तिनं उभ्या संसारात साधं कुंपणही बदललं नव्हतं. घर विकू का, म्हणून तिनं विचारलं. ह्यांना एखादी गोष्ट पटली नाही की ते खाकरायचे. पटली की गप्प. त्या दिवशी अंधार पडेस्तोवर ती कान देऊन बसली. घरात काहीच वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शिक्का मारला.

"मी ह्यांना घराचं विचारलं, त्या दिवशी तू कुठे होतास?"

शुहेईनं टॉवेल सोडला, पुन्हा बांधला. "स्वयंपाकघरात."

"म्हणजे ऐकलंस."

"आई, व्यवहार पुरा करायला अकराला बँकेत पोचायचंय. घर घेणारे नवराबायको सेंदाईहून निघालेत, तान्हं पोर घेऊन. आज हे नको. उद्या मला हव्या तेवढ्या शिव्या घाल."

ती गुरुजींकडे वळली. "हे आता तुमच्याकडे आहेत ना?"

"देवळात. मोठ्या पाटीत, सगळ्यांबरोबर."

"मला घेऊन चला. विचारायचं राहिलंय."

"आई, बँकेत तुझा शिक्का लागणार आहे!"

"पर्समध्ये आहे." तिनं कोट चढवला आणि पर्स काखेत धरली.

"तिथून काय उत्तर येणार आहे? तुलाही माहीत आहे."

"तुला माहीत होतं," किनुयो म्हणाली. "मला नव्हतं."

देवळाच्या मोठ्या दालनात बर्फासारखा गारठा होता. गुरुजींनी स्टोव्ह पेटवला, बसायला गादी दिली आणि ते आत निघून गेले. समोरची पाटी माणसाएवढी उंच होती. तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. गावात ज्या ज्या घरांना कुलूप लागलं, त्या सगळ्या घरांतली मेलेली माणसं तिच्यात. शेताच्या पाण्यावरून ज्याच्याशी ह्यांचं आयुष्यभर वाकडं होतं, तो गोंदाही तिच्यातच असणार.

घरातली गोष्ट चारचौघांत काढलेली ह्यांना मुळीच खपत नसे.

तिनं गादी पुढे ओढली. मग आणखी थोडी. पर्समध्ये फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजू लागला. बँकेची वेळ टळून गेली होती. किनुयोनं तोंडाशी हात आडवा धरला आणि पाटीच्या अगदी जवळ वाकली.

बारा वाजेपर्यंत तरी, एवढ्या सगळ्यांदेखत, तिनं काही विचारलेलं नव्हतं.